दांडी कुठे ठेवायची?

(रौप्यमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये दिलेल्या भाषणाचा मजकूर. बोललो तसाच ठेवला आहे. मध्ये झालेली चहाची घोषणा तेवढी वगळली आहे.)



कमिटीने मला विषय सुचवला होता ‘ज्येष्ठांसाठी गुंतवणूक’. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाकडून दुसरं काय मागणार? पण व्याजाचे दर मी तुम्हाला जिन्यात भेटलात तरी सांगतो, त्यासाठी माइक नको. आज मी बोलणार आहे अँटेनावर. टेरेसवरच्या मोठ्या टॉवरवर थोडंसं, आणि मुख्यतः डब्यातल्या छोट्या अँटेनावर, जी दिसत नाही, जिची कुणी चौकशी करत नाही, आणि कोटेशनमध्ये जिच्यापुढे ‘फ्री’ असं लिहिलेलं असतं.

हा विषय का, ते आधी सांगतो. आपल्या सोसायटीत येत्या वर्षभरात सिमकार्ड असलेले बरेच डबे येणार आहेत. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसासाठी इमर्जन्सी कॉलचा डबा, ओव्हरहेड टाकीची पातळी कळवणारा आणि पंप चालू-बंद करणारा डबा, वीज कंपनीचे नवे मीटर, गेटवरच्या कॅमेऱ्याचा राउटर. या सगळ्यांच्या पोटात एकच वस्तू असते. तिला मॉड्यूल म्हणतात. पोस्टाच्या तिकिटाएवढी चौकोनी चकती, वर पत्र्याचं झाकण. मोबाइल फोनमधून पडदा, कॅमेरा, बॅटरी काढून टाकली तर जे बोलायचं यंत्र उरेल, ते हे. भाजीवाल्याकडे ‘पन्नास रुपये प्राप्त हुए’ म्हणून ओरडणारा डबा असतो ना, त्यातही हेच. दुकानातल्या कार्ड घासायच्या मशीनमध्येही हेच.

मी काही इंजिनियर नाही. बी. एस्सी.ला फिजिक्स घेतलं आणि बँकेत लागलो. पण शेवटची बारा वर्षं माझ्याकडे शाखांचं कॉम्प्युटरचं आणि एटीएमचं काम होतं. १९९९ साली हैदराबादच्या आयडीआरबीटी या रिझर्व्ह बँकेने स्थापन केलेल्या संस्थेने बँकांसाठी ‘इन्फिनेट’ नावाचं जाळं सुरू केलं. ते उपग्रहावरून चालायचं, व्हीसॅट म्हणत. शाखेच्या गच्चीवर तबकडी, आणि तबकडीला आकाश दिसलं पाहिजे ही एकच अट. शेजारच्या इमारतीचा मजला वाढला की आमची शाखा मुकी. पुढे एटीएममध्ये मोबाइलचं सिम असलेले राउटर आले आणि सगळे म्हणाले, आता तबकडीची कटकट गेली. कटकट गेली नव्हती. ती एटीएमच्या पोलादी पेटीत जाऊन बसली होती. राउटर पेटीच्या आत, अँटेना पेटीच्या आत, आणि मशीन ‘आउट ऑफ सर्व्हिस’. दांडी पेटीबाहेर काढून खोलीच्या काचेजवळ चिकटवली की मशीन चालू. राउटर तोच, सिम तेच, कंपनी तीच. हे मी इतक्या ठिकाणी पाहिलं आहे की निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी कुठे डबा दिसला की माझी नजर आधी दांडी शोधते.

आता थोडं फिजिक्स. घाबरू नका, दहा मिनिटांत संपवतो.

माझ्या वयाच्या लोकांना वरळीचं दूरदर्शन आठवत असेल. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई केंद्र सुरू झालं आणि चाळींच्या कौलांवर, इमारतींच्या गच्चीवर ॲल्युमिनियमच्या काड्यांचं रान उगवलं. सगळ्या काड्या वरळीकडे तोंड करून. कावळा बसला की चित्र हलायचं. मग एकाने गच्चीवर चढायचं, एकाने खिडकीत उभं राहायचं, एकाने टीव्हीसमोर, आणि ‘आलं... गेलं... आता ठेव तसंच!’ असा आरडाओरडा. त्या आरडाओरड्यात अँटेनाशास्त्राचे अर्धे धडे होते. अँटेनाची लांबी लहरीशी जुळली पाहिजे, दिशा जुळली पाहिजे, वायर जुळली पाहिजे आणि जागा मोकळी पाहिजे.

लांबीचा हिशेब सोपा आहे. ३०० ला मेगाहर्ट्झच्या आकड्याने भागायचं, की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. आपल्याकडच्या मोबाइलचा एक जुना पट्टा ९०० मेगाहर्ट्झचा. ३०० भागिले ९००, म्हणजे ३३ सेंटिमीटर. साध्या दांडीला याचा चौथा हिस्सा लागतो, सुमारे आठ सेंटिमीटर. १८०० च्या पट्ट्याला त्याच्या निम्मी, चार. २३०० ला सव्वातीन. ५जीचा ३५०० च्या आसपासचा पट्टा आहे त्याला जेमतेम दोन. आणि ७०० चा पट्टा आहे, त्याला जवळजवळ अकरा. तंबोऱ्याची तार जितकी लांब तितका खर्ज खोल, तसंच हे. जितका आकडा लहान तितकी दांडी मोठी लागते.

गंमत अशी की भिंती भेदून आत यायला लहान आकड्याच्या लहरी चांगल्या. म्हणजे स्टिल्टमध्ये, तळघरात, लिफ्टच्या खड्ड्यात ज्या लहरी पोचतात, त्यांनाच सगळ्यांत मोठी अँटेना लागते. आणि डबा बनवणाऱ्याला डबा लहान करायचा असतो. तिथे ओढाताण सुरू होते. एकाच अँटेनाने ७०० पासून २३०० पर्यंत सगळे सूर काढायचे, आणि तेही काडेपेटीएवढ्या जागेत. चांगले कारागीर तांब्याच्या पट्ट्या नागमोडी दुमडून हे जमवतात. पण दुमडलेली अँटेना सरळ दांडीची बरोबरी करत नाही, आणि खालच्या पट्ट्यात तर नाहीच. म्हणून कोटेशन आलं की पहिला प्रश्न विचारायचा: ही अँटेना कोणकोणत्या पट्ट्यांसाठी आहे? ‘सगळ्या’ असं उत्तर आलं तर छापील कागद मागायचा.

दुसरी गोष्ट फार लोकांना माहीत नसते. दांडी एकटी अँटेना नसते, ती अर्धीच असते. उरलेला अर्धा भाग तिच्या पायाखालचा धातू, त्याला ग्राउंड प्लेन म्हणतात. लहान डब्यात हे काम आतल्या सर्किटच्या बोर्डाचं तांबं करतं. बोर्ड फार लहान असला तर दांडी कितीही चांगली असो, एका पायावर उभं राहिल्यासारखं होतं. लोहचुंबकाच्या बुडाची अँटेना मिळते, ती पत्र्यावर चिकटवली तर उत्तम चालते आणि प्लायवुडवर ठेवली तर निम्म्याने बसते, ते याचमुळे. म्हणजे पत्रा अँटेनाच्या पायाखाली चांगला, आणि तिच्या चारी बाजूंनी वाईट. एवढं एक वाक्य वायरमनला समजलं तरी माझं आजचं भाषण वसूल.

चारी बाजूंनी पत्रा म्हणजे काय होतं? नारायणगावजवळ खोडदला डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली मोठी रेडिओ दुर्बीण आहे, जीएमआरटी. आपल्या सहलीत बसमधून लांबून पाहिली होती, आठवत असेल. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्या तबकड्या भरीव पत्र्याच्या नाहीत, जाळीच्या आहेत. बारीक तारांची जाळी, भोकं एक ते दोन सेंटिमीटरची. वारा भोकांतून निघून जातो, पण रेडिओ लहरीला ती जाळी म्हणजे आरसाच. लहर भोकापेक्षा खूप मोठी असली की तिला भोक दिसतच नाही. म्हणून कुणी सांगितलं की ‘पॅनेलला जाळी आहे ना, येईल रेंज’, तर खोडदची तबकडी आठवा. बारीक जाळी असलेली लोखंडी पेटी ही मोबाइलच्या लहरीसाठी बंद पेटीच असते.

आणि माणसाचं शरीर? तेही आड येतं, कारण आपण बहुतांशी पाणी आहोत. २०१० मध्ये ॲपलचा आयफोन ४ आला. त्याची अँटेना म्हणजे फोनच्या कडेचीच स्टीलची पट्टी. विशिष्ट जागी हात लागला की रेंज पडायची. जगभर गवगवा झाला आणि कंपनीने फुकट रबरी कडी वाटली. एवढी मोठी कंपनी, एवढे इंजिनियर, तरी अँटेनाने हिसका दाखवला. त्याआधी १९९९ च्या नोकिया ३२१० ने बाहेरची दांडी काढून ती पोटात घातली होती, तेव्हा आम्हाला वाटलं अँटेना संपलीच. ती लपली होती इतकंच.

आता डेसिबल. हा शब्द ऐकला की लोक गणपतीचे लाउडस्पीकर आठवतात. इथे त्याचा अर्थ एवढाच: ३ डेसिबल गेले म्हणजे शक्ती निम्मी झाली, १० गेले म्हणजे एक दशांश उरली, २० गेले म्हणजे शंभरावा हिस्सा. चक्रवाढ व्याजाचं उलटं कोष्टक समजा. फोनच्या सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’, त्यात ‘सिम स्टेटस’ असं काहीसं असतं. तिथे उणे ८५, उणे १०५ असे आकडे दिसतात. ४जीवर उणे ८० ते ९० म्हणजे छान, उणे ११० च्या खाली गेलं की गाडी रडतखडत. ८० आणि ११० यांत फरक तीसच दिसतो, पण तो हजारपटीचा आहे. पडद्यावरच्या काड्या हे सांगत नाहीत. काड्या म्हणजे पासबुकातली पेन्सिलीची खूण, आकडा म्हणजे शिक्का मारलेली नोंद.

आता आपल्या लिफ्टकडे येतो.

मे महिन्यात संध्याकाळी वीज गेली तेव्हा सी विंगमधल्या आजी दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकल्या. त्यांच्या परवानगीने सांगतो आहे, त्या समोरच बसल्या आहेत. वय ब्याऐंशी. लिफ्ट जवळच्या मजल्यावर आणून दार उघडणारी एआरडी असते, तिची बॅटरी त्या दिवशी उतरलेली. हातात मोबाइल होता, पण स्टीलच्या केबिनमध्ये, काँक्रीटच्या विहिरीत त्याला रेंज नव्हती. घंटी वाजवली, ती ऐकायला खाली वॉचमनची ड्यूटी बदलत होती. पस्तीस मिनिटं. दोन्ही मुलं परदेशात. आजी म्हणाल्या, ‘मी रामरक्षा तीन वेळा म्हटली, चौथ्यांदा म्हणताना राग यायला लागला.’ आपण हसलो तेव्हा, पण आपल्या सोसायटीत एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची घरं मोजा. पंचवीस वर्षांपूर्वी आपण राहायला आलो तेव्हा लिफ्टमध्ये मुलांच्या सायकली असायच्या. आता वॉकर असतात.

सभेत ठराव झाला, डबा आला. लाल बटण दाबलं की तो एकामागून एक चार नंबरांना फोन लावतो आणि केबिनमधल्या माणसाशी बोलणं होतं. बसवणाऱ्याने ए विंगच्या मशीनरूममध्ये, लिफ्टच्या कंट्रोल पॅनेलमध्ये तो बसवला. टेस्टिंग करून दाखवलं, चारही फोन वाजले. बिल दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सेक्रेटरींनी आणि मी बटण दाबलं, काही नाही. पुन्हा दाबलं, काही नाही. वर गेलो, पॅनेलचं दार उघडलं, खालून बटण दाबायला सांगितलं, फोन वाजला. दार लावलं, बंद. टेस्टिंग दार उघडं ठेवून झालं होतं आणि लिफ्ट चालते दार बंद ठेवून. पोलादी कपाट, आत रबरी आवरणाची बोटभर दांडी, तीही वायरींच्या जुडग्यात खुपसलेली. माझ्या फोनवर दार उघडं असताना आणि फोन आत ठेवून दार लावल्यावर आकड्यांत वीसेक डेसिबलचा फरक पडत होता. शंभरातला एक हिस्सा उरला.

बसवणारा मुलगा प्रामाणिक होता, बरं का. त्याला कुणी अँटेनाबद्दल शिकवलंच नव्हतं. तो म्हणाला, ‘काका, मोठी अँटेना लावू का?’ सगळ्यांना पहिल्यांदा हेच सुचतं. कपाटात मोठी दांडी ठेवली तरी ती कपाटातच. आम्ही डबा काढून खिडकीशेजारच्या भिंतीवर प्लॅस्टिकच्या पेटीत बसवला, दांडी बाहेरच्या भिंतीवर पश्चिमेकडे नेली आणि मध्ये दीड मीटर केबल ठेवली. पश्चिमेला का? आपल्या पूर्वेला नॅशनल पार्क. जंगलाकडे वस्ती नाही, त्यामुळे त्या बाजूने फारसं काही येत नाही. आपल्याला जे मिळतं ते हायवे आणि स्टेशनच्या बाजूने. आता ए विंगचं बटण दर वेळी चालतं.

बी आणि सी विंगचं काम व्हायचंय. आणि टाकीच्या डब्याचं कोटेशन कमिटीपुढे आहे, त्यावर येत्या रविवारी निर्णय आहे. मी ते वाचलं. त्यात लिहिलंय: डबा खाली पंपरूममध्ये, अँटेना टेरेसवर, मध्ये पंचवीस मीटर केबल. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं! अँटेना उंचावर, मोकळ्यावर. पण ती केबल काय खाते ते बघा. अशा डब्यांबरोबर पेन्सिलीच्या शिशासारखी बारीक काळी केबल येते. ९०० मेगाहर्ट्झला ती मीटरमागे साधारण एक डेसिबल गिळते, वरच्या पट्ट्यांत आणखी जास्त. पंचवीस मीटरला पंचवीस डेसिबल. म्हणजे टेरेसवर शंभर रुपये गोळा केले तर पंपरूममध्ये बत्तीस पैसे पोचतात. बाकीचे केबलमध्ये जिरले. बोटाएवढी जाड केबल घेतली तर सात-आठ मीटरला एक डेसिबल जातो, पण ती महाग, ताठ, वळत नाही, आणि तिचे जोड कुणालाही धड बसवता येत नाहीत.

याला उपाय स्वस्त आहे. डबा आणि अँटेना दोन्ही टेरेसवरच्या केबिनमध्ये जवळजवळ ठेवा, आणि खाली पंपाच्या स्टार्टरपर्यंत साधी कंट्रोलची वायर न्या. त्या वायरीतून फक्त ‘चालू’ आणि ‘बंद’ एवढंच जायचं आहे. तिला पंचवीस मीटर काय आणि शंभर मीटर काय. टाकीचा फ्लोट तर वरच आहे. लिफ्टचंही तेच: केबिनबरोबर खालीवर होणाऱ्या लोंबत्या केबलमध्ये बहुधा एकदोन जोड्या रिकाम्या असतात, त्यांतून बटण आणि आवाज मशीनरूमपर्यंत येतो. आवाजाची वायर लांब चालते, बटणाची वायर लांब चालते, अँटेनाची केबल आखूडच हवी. कोटेशनमध्ये एवढा एक बदल करून घ्या. माझ्या अंदाजाने खर्च वाढणार नाही.

जोडांबद्दल दोन शब्द. मॉड्यूल, केबल, अँटेना या तिघांचा एक गुण जुळावा लागतो, तो ५० ओहमचा. जुळला नाही तर पाठवलेली शक्ती अँटेनापाशी धडकून परत येते. कागदावर व्हीएसडब्ल्यूआर असा आकडा असतो. तो २ असला तर शंभरातले अकरा परत येतात, चालून जातं. ३ असला तर पंचवीस परत. पत्रिकेसारखंच, थोडे गुण कमी असले तरी संसार होतो. आपले वायरमन डिश टीव्हीची केबल लावून मोकळे होतात. ती ७५ ओहमची. त्यानेही शंभरातले चारच परत येतील, तेवढं काही नाही. खरा घात होतो तो तिला योग्य जोड बसत नाही म्हणून तारा पिळून वर टेप गुंडाळतात तेव्हा. दुसरी फसगत वायफायच्या दांडीची. ती तशीच दिसते, आट्यांवर बरोबर बसते, घट्टही होते. पण तिच्या जोडात मधली पिन नसते, नुसतं भोक असतं. समोरच्या डब्यातही भोकच. दोन भोकं समोरासमोर, स्पर्श नाही. दिसायला सगळं ठाकठीक.

आपली हवा खारी आणि चार महिने पाऊस. बाहेरच्या जोडावर स्वतःला चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळायला सांगा, आणि केबल भिंतीत शिरायच्या आधी तिला खाली एक वळसा द्या, म्हणजे पाणी वळशावरून टपकतं आणि आत जात नाही. अँटेना वीजवाहकाच्या तांब्याच्या पट्टीला बांधू नका, आणि त्याच्या टोकापेक्षा उंचही नेऊ नका.

मॉड्यूल कोणतं घ्यायचं? २जीचे स्वस्त मिळतात. पण जिओचं सिम त्यात चालणारच नाही, कारण त्यांनी २जी कधी चालवलंच नाही. बाकी कंपन्या ते किती दिवस ठेवतील त्यावर मी पैज लावणार नाही. ४जीचंच घ्या. शिवाय २जीचं मॉड्यूल कॉल लावताना क्षणभर दोन अँपियरपर्यंत झटका मागतं. वीजपुरवठा किरकोळ असेल तर नेमक्या त्या क्षणी डबा बंद पडतो आणि पुन्हा चालू होतो, आणि दोष मात्र रेंजला दिला जातो.

मीटरचं काय, हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारला. मीटर वीज कंपनीचे, त्यातली अँटेना आतच, तिला आपण हात लावायचा नाही. काही मीटर थेट सिमवरून बोलतात, काही एकमेकांमध्ये बोलून एका सामायिक डब्यातून निरोप पाठवतात. पण मीटररूम आपली आहे. स्टिल्टमध्ये, जिन्याखाली, पूर्ण पत्र्याचं दार, आत जुनी सायकल, रंगाचे डबे, गणपतीच्या मखराची फ्रेम. हे सामान हलवणं आगीच्या दृष्टीनेही गरजेचं आहे. ते आपण उद्याही करू शकतो, त्याला ठराव नको. दाराचं काय करायचं ते मात्र कंपनीच्या माणसाला विचारूनच.

आणि एक विनंती, थोडी कडक. दोन-तीन घरांत रेंज वाढवणारे बूस्टर लावलेत असं कानावर आहे. परवानगीशिवाय ते वापरणं बेकायदेशीर आहे. कायद्याचं सोडा, तो बूस्टर कचरा लहरी फेकतो आणि शेजारच्या टॉवरचे कान बधिर करतो. म्हणजे तुमच्या बेडरूममध्ये रेंज यावी म्हणून लिफ्टच्या डब्याचा फोन लागायचा नाही. नावं घेत नाही. काढून टाका.

टॉवरविषयी बोललो नाही तर मला खाली उतरू देणार नाहीत. समोरच्या इमारतीवरच्या टॉवरमुळे काळजी वाटते ती मला समजते. आयआयटी मुंबईचे प्रा. गिरीश कुमार, जे स्वतः अँटेना शिकवत, त्यांनी या किरणोत्साराविरुद्ध बरीच वर्षं आवाज उठवला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ मध्ये या लहरींना ‘कदाचित धोका असू शकेल’ अशा गटात टाकलं, धोका सिद्ध झाला आहे असं म्हटलेलं नाही. आपल्या सरकारने सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश मर्यादा लागू केली. माझं मत विचाराल तर मी टॉवरपेक्षा कानाला लावलेल्या फोनची जास्त काळजी करतो. फोनला रेंज कमी मिळाली की तो आपली शक्ती वाढवतो, जोरात ओरडतो, आणि तो असतो आपल्या डोक्याला चिकटून. टॉवर लांब गेला तर फोन जास्त ओरडेल. कुणाला पटेल, कुणाला नाही. ज्यांना नाही पटत त्यांनी हेडफोन वापरावा, एवढं दोघांनाही चालेल.

आता कामाचं. बी आणि सी विंगचे डबे बसतील त्या दिवशी टेस्टिंग कसं करायचं ते मी लिहून सेक्रेटरींकडे दिलंय. पॅनेलची सगळी दारं बंद. लिफ्ट तळमजल्यावर, मग मध्ये, मग वर, तिन्ही ठिकाणी बटण. मेन स्विच पाडून बॅटरीवर पुन्हा एकदा. आणि बसवणाऱ्याला विचारायचं, ‘सीएसक्यू किती?’ हा मॉड्यूलचा स्वतःचा रेंजचा आकडा, शून्य ते एकतीस. वीसच्या आसपास असेल तर उत्तम, दहाच्या खाली असेल तर दांडीची जागा बदलायला लावा. त्याने ‘नव्व्याण्णव’ सांगितलं तर खूश होऊ नका. नव्व्याण्णव म्हणजे मॉड्यूलला काहीच ऐकू येत नाहीये. हे सगळं झाल्यावरच बिलावर सही.

डबा ज्या चार नंबरांना फोन लावतो त्यांत सध्या दोन कमिटीचे, एक वॉचमनच्या केबिनचा आणि एक लिफ्टवाल्याचा आहे. प्रत्येक विंगमधून दिवसा घरी असणाऱ्या एकेकाने आपला नंबर द्यायचा आहे, वही खजिनदारांकडे आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहाला बटण दाबून बघायचं आणि वहीत वेळ टाकायची. ए विंगचं मी करतो. सी विंगचं आजींनी मागून घेतलंय. बी विंगमधून अजून नाव आलेलं नाही, ते चहाच्या वेळी द्या.